हा, तो, जो, कोण

घरातली रोजचीच गोष्ट घ्या. स्वयंपाकघरातून आईची हाक येते, “अरे, ते तिथलं ते जरा इकडे आण रे!” मुलगा ओसरीवरून विचारतो, “कोणतं ते? कुठलं?” आई म्हणते, “असं काय करतोस? तेच ते, काल आणलं होतं ते!” आणि नवल असे की मुलगा नेमकी तीच वस्तू घेऊन हजर होतो. एवढ्या बोलण्यात वस्तूचे नाव एकदाही आले नाही; भांडे नाही, डबा नाही, फळी नाही. सगळा कारभार ‘ते’, ‘तिथलं’, ‘इकडे’, ‘कोणतं’ आणि ‘कुठलं’ यांवर भागला.

व्याकरणाच्या पुस्तकात यांतल्या काही शब्दांना दर्शक म्हणतात, काहींना प्रश्नार्थक. नावे जड आहेत, पण काम सोपे आहे. दर्शक शब्द म्हणजे बोलण्यातले बोट. ‘झाड’ म्हटले की मनात झाड उभे राहते. ‘ते’ म्हटल्याने काहीच उभे राहत नाही, नुसती दिशा कळते. प्रश्नार्थक शब्द म्हणजे पंगतीतला रिकामा पाट. ‘कुठे?’ विचारले म्हणजे जागेचा पाट मांडला. ‘तिथे’ म्हटले की त्यावर पाहुणा बसला. ‘केव्हा?’ हा वेळेचा पाट, ‘तेव्हा’ हे त्याचे उत्तर. पाट आणि पाहुणा यांची जोडी जुळली पाहिजे, नाही तर बोलणे पुढे सरकत नाही.

आता एक कल्पना करा. कोणी एक मनुष्य अगदी नवी भाषा बनवायला बसला आहे. घर, पाणी, भाकरी, सूर्य यांना शब्द मिळविणे त्याला फारसे कठीण नाही. या भाषेतून, त्या भाषेतून उसने घेता येतात. पण ‘हा, तो, जो, कोण’ यांचे काय करायचे? हे शब्द सुटे नसतात. एकाला हात लावला की सगळा गोतावळा हलतो. हे काम एका माणसाने प्रत्यक्ष करून पाहिले आणि त्याचा बरावाईट अनुभव जगापुढे आहे. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

लाझर लुडविक झामेनहोफ हे त्यांचे नाव. जन्म १८५९ सालचा, गाव बियालिस्तोक. हे गाव आज पोलंडात आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांना परके मानीत. सर्वांना सारखी अशी एखादी दुसरी भाषा असली तर हा दुरावा कमी होईल, असे त्या मुलाच्या मनाने घेतले. पुढे ते डोळ्यांचे डॉक्टर झाले, पण ते वेड सुटले नाही. १८८७ साली त्यांनी वॉर्सा येथे एक लहानसे पुस्तक छापले. त्यावर स्वतःचे नाव न घालता ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर, असे टोपणनाव घातले. लोकांनी तेच नाव भाषेला देऊन टाकले.

एस्पेरांतोतले हे बोट दाखविणारे आणि प्रश्न विचारणारे शब्द कसे बसविले आहेत, ते पाहण्यासाठी डोळ्यांपुढे शाळेचे वेळापत्रक आणा. आडव्या ओळी पाच, उभे रकाने नऊ. प्रत्येक ओळीला शब्दाचा पहिला तुकडा ठरलेला. ‘की’ म्हणजे प्रश्न, ‘ती’ म्हणजे ‘तो, ते’ असा निर्देश, ‘ई’ म्हणजे ‘कोणी तरी, काही तरी’, ‘ची’ म्हणजे ‘प्रत्येक, सगळे’, आणि ‘नेनी’ म्हणजे नकार. प्रत्येक रकान्याला शब्दाचा शेवट ठरलेला. ‘ऊ’ आला तर व्यक्ती किंवा अनेकांतला नेमका एक, ‘ओ’ आला तर वस्तू, ‘आ’ तर प्रकार, ‘ए’ तर जागा, ‘आम’ तर वेळ, ‘आल’ तर कारण, ‘एल’ तर रीत, ‘ओम’ तर परिमाण आणि ‘एस’ तर मालकी.

आता नुसती जोडाजोड करायची. ‘की’ आणि ‘आम’ मिळून ‘कीआम’, म्हणजे केव्हा. ‘तीआम’ म्हणजे तेव्हा, ‘ईआम’ म्हणजे कधी तरी, ‘चीआम’ म्हणजे नेहमी, ‘नेनीआम’ म्हणजे कधीच नाही. तसेच ‘कीए’ म्हणजे कुठे, ‘तीए’ म्हणजे तिथे, ‘चीए’ म्हणजे सगळीकडे. पाच आणि नऊ मिळून चौदा तुकडे पाठ केले की, पाच नवे पंचेचाळीस, इतके शब्द हाती येतात. प्रौढपणी, दिवसाचे काम आटोपून रात्री दिव्याशी बसून शिकणाऱ्या माणसाला हा केवढा आधार!

ही युक्ती झामेनहोफ यांनी शून्यातून काढली असे मात्र नाही. आपल्या तोंडात असेच एक वेळापत्रक जन्मापासून आहे. असा, तसा, जसा, कसा. एवढा, तेवढा, जेवढा, केवढा. इथे, तिथे, जिथे, कुठे. ‘क’ आला की प्रश्न, ‘त’ आला की लांबचा निर्देश. संस्कृतात कदा आणि तदा, रशियनमध्ये कग्दा आणि तग्दा. बियालिस्तोकपासून फार लांब नसलेल्या लिथुआनियाच्या भाषेत तर पुन्हा कदा आणि तदा! इंग्रजीतही व्हेअर, देअर, हिअर ही तीन भावंडे ओळखू येतात. या सगळ्या भाषांची आजी एकच. तिच्या फडताळात ठेवलेला जुना साचा झामेनहोफ यांनी पुसून लख्ख केला, त्याचे पोचे काढले आणि रिकाम्या जागा भरल्या, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हा साचा केवळ आपल्याच कुळातला आहे असेही नाही. तमिळमध्ये ‘इदु’ म्हणजे हे, ‘अदु’ म्हणजे ते आणि ‘एदु’ म्हणजे कोणते. ‘इंगे, अंगे, एंगे’ म्हणजे इथे, तिथे, कुठे. नुसता पहिला स्वर बदलला की काम झाले. जपानी भाषेत चार तुकडे आहेत: ‘को’ माझ्याजवळचे, ‘सो’ तुमच्याजवळचे, ‘आ’ दोघांपासून लांबचे आणि ‘दो’ प्रश्नाचे. म्हणून ‘कोको, सोको, असोको, दोको’. टेलिफोनवर किंवा रेडिओवर बोलणाऱ्याला जपानी माणसाची ही सोय हेवा वाटण्याजोगी आहे. मी ‘इथे’ म्हणालो तर ते माझे इथे. ऐकणाऱ्याचे ‘इथे’ निराळे. मराठीत ‘तिथे’ म्हटले तर ते तुमच्या खोलीतले की तिसऱ्याच गावातले, हे संदर्भाने ओळखावे लागते. लोजबान नावाची एक बनविलेली भाषा आहे. तिचे काम १९८७ साली सुरू झाले. तिच्या कर्त्यांनी ही अडचण ध्यानात घेऊन ‘ती, ता, तू’ असे तीन निराळे शब्द ठेवले: माझ्याजवळचे, तुमच्याजवळचे आणि दोघांपासून लांबचे.

तेव्हा भाषा बनविणाऱ्याला पहिला निर्णय हा घ्यावा लागतो, की ओळी किती ठेवायच्या. आणि इथेच त्याची मातृभाषा हळूच त्याचा हात धरते. झामेनहोफ यांच्या वेळापत्रकात ‘ज’ची ओळ नाही. ‘कीऊ’ हा एकच शब्द ‘कोण’ आणि ‘जो’ अशी दोन्ही कामे करतो. युरोपातल्या पुष्कळ भाषांत तसेच आहे. त्यांना त्यात काही उणे वाटत नाही. मराठी माणसाला मात्र चटकन वाटते. “कोण आला ते मला ठाऊक नाही” आणि “जो आला तो मला ठाऊक नाही” ही दोन वाक्ये आपण निरनिराळी समजतो. पहिल्यात आलेल्याचे नावच कळलेले नाही. दुसऱ्यात माणूस समोर आहे, पण ओळखीचा नाही. एस्पेरांतोत हा फरक ‘जो’वाचून, निराळे क्रियापद घेऊन आणि जोडीला ‘तीऊ’ म्हणजे ‘तो’ हा शब्द ठेवून भागवावा लागतो.

उलट आपल्याकडे ‘कोणी तरी’, ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीच नाही’ यांच्या स्वतंत्र ओळी नाहीत. त्यांचे काम आपण जोडकाम करून साधतो. ‘कुठे’ला ‘तरी’ जोडले की ‘कुठे तरी’. ‘च’ आणि ‘नाही’ जोडले की ‘कुठेच नाही’. आणि ‘ज’ व ‘त’ यांची गाठ मारली की ‘जिकडे तिकडे’, ‘जो तो’, ‘जेव्हा तेव्हा’. झामेनहोफ यांनी पाच ओळींनी जे केले, ते आपण चार ओळींनी आणि दोनतीन खुंट्यांनी करतो. यांत अमुक बरोबर आणि अमुक चूक असे काही नाही. पण नवी भाषा बनविणाऱ्याने आपल्या भाषेबाहेर डोकावून पाहिले पाहिजे, हे मात्र यावरून दिसते.

दुसरा निर्णय असा, की वेळापत्रकातला प्रत्येक तास भरायचाच का? आपल्या भाषेतले कित्येक तास मोकळे आहेत. इतका, तितका, जितका आहेत, पण ‘कितका’ नाही. तिथे ‘किती’ येऊन बसला आहे. इकडे, तिकडे, जिकडे आहेत, पण ‘किकडे’ नाही, ‘कुणीकडे’ आहे. जेव्हा, तेव्हा, केव्हा यांच्या रांगेत जवळचा शब्द ‘एव्हा’ असायला हवा; तो ‘एव्हाना’त तेवढा उरला आहे आणि त्याच्या जागी ‘आता’ हा भलताच शब्द पाय पसरून बसला आहे. ‘का?’ विचारावे तर त्याच्या जोडीचे उत्तर साच्यातून येत नाही. ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ म्हणावे लागते. यामुळे मराठी मुलाचे काही अडत नाही. दिवसातून शंभर वेळा कानावर पडणारा शब्द कितीही वाकडा असला तरी तोंडात बसतो. अडते ते परभाषेतून आलेल्या प्रौढाचे.

आणि मौज पाहा, एवढ्या काटेकोर वेळापत्रकातही ‘आता’ बसलाच नाही. एस्पेरांतोत आतासाठी ‘नुन’ असा सुटा शब्द आहे, वेळापत्रकाबाहेरचा. ‘हा’ आणि ‘इथे’ यांनाही स्वतंत्र ओळ दिलेली नाही. ‘ती’च्या ओळीतल्या शब्दाला ‘ची’ हा लहानसा शब्द लावायचा: ‘तीए’ म्हणजे तिथे, ‘ची तीए’ म्हणजे इथे. कागदावर हे छान दिसते. पण आताच आपण पाहिले की ‘चीए’ म्हणजे सगळीकडे. घाईघाईत बोलताना मधला ‘ती’ गिळला गेला तर ‘औषध इथे मिळते’चे ‘औषध सगळीकडे मिळते’ होऊन बसायचे!

हा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, कानाचा. वेळापत्रक डोळ्यांना जितके नीटनेटके, तितके कानाला फसवे. एस्पेरांतोत शब्दातल्या शेवटून दुसऱ्या स्वरावर जोर येतो. म्हणजे या पंचेचाळीस शब्दांत जोर येतो तो नेमका ‘ई’ या स्वरावर, जो पंचेचाळिसांतही सारखाच आहे! शब्दाचा रकाना ज्यावरून ओळखायचा तो शेवटचा स्वर मात्र हळू आवाजात उच्चारला जातो. ‘कीएल वी वेनिस?’ म्हणजे ‘तुम्ही कसे आलात?’, आणि ‘कीआल वी वेनिस?’ म्हणजे ‘तुम्ही का आलात?’ यजमानाने आपुलकीने पहिला प्रश्न विचारावा, गडबडीत पाहुण्याच्या कानी दुसरा पडावा, आणि बिचाऱ्याने चपला पायात घालाव्यात. म्हणून अनुभवी बोलणारे जपून बोलतात. जिथे घोटाळा होण्याजोगा असेल तिथे ते ‘कीआल’ऐवजी ‘प्रो कीओ’, म्हणजे ‘कशाकरिता’, असे म्हणतात. ‘कीएल’ऐवजी ‘कोणत्या तऱ्हेने’ अशा अर्थाचा लांब शब्द वापरतात. आपणही टेलिफोनवर नीट ऐकू येत नसले म्हणजे ‘का’ सोडून ‘कशासाठी?’ असे विचारतो. त्यातलाच हा प्रकार.

खुद्द झामेनहोफ यांना या वेळापत्रकातली एक चूक लवकरच दुरुस्त करावी लागली. १८८७च्या पहिल्या पुस्तकात वेळेच्या रकान्याचा शेवट ‘आम’ नव्हता, ‘आन’ होता. केव्हा म्हणजे ‘कीआन’, तेव्हा म्हणजे ‘तीआन’. आता या भाषेचा दुसरा एक नियम असा, की वाक्यातल्या कर्माला शेवटी ‘न’ लागतो. ‘कीआ’ म्हणजे कसला. तो कर्माबरोबर आला की त्याचेही रूप होणार ‘कीआन’. म्हणजे ‘कीआन वाचतोस?’ या प्रश्नाचा अर्थ ‘केव्हा वाचतोस?’ की ‘कसले वाचतोस?’ एका नियमाने दुसऱ्याच्या पायात पाय अडकविला. दोन्ही नियम एकेकटे पाहिले तर निर्दोष. एकत्र आले तेव्हा भांडण. पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्यांनी दुसऱ्या पुस्तकाच्या पुरवणीत हे पाचही शब्द बदलून ‘न’च्या जागी ‘म’ घातला. स्वतः केलेली भाषा, स्वतः केलेली चूक, आणि वर्षभरात दिलेली उघड कबुली. पुढे १९०५ साली फ्रान्समध्ये बूलोन येथे भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेने भाषेचा पाया कायम केला. मग त्याला हात लावायचा नाही असे ठरले. दुरुस्ती वेळेवर झाली म्हणून निभावले.

पण सगळ्यांचे समाधान झाले नव्हते. १९०७ साली पॅरिसमध्ये विद्वानांची एक समिती बसली आणि तिच्या कामातून एस्पेरांतोची सुधारलेली आवृत्ती म्हणून ‘ईदो’ ही भाषा पुढे आली. तिच्या पुरस्कर्त्यांना ते वेळापत्रक फार कृत्रिम वाटले. त्यांनी ते मोडून लॅटिन वळणाचे सुटे सुटे शब्द घेतले. कुठे याला ‘उबे’, तिथे याला ‘इबे’, इथे याला ‘हिके’, तेव्हा याला ‘लोरे’. आणि केव्हा याला शब्द आहे ‘कांदे’! आपल्याला हसू येईल, पण त्यांच्या बाजूनेही न्याय आहे. ‘कांदे’ आणि ‘लोरे’ यांत गफलत होणे नाही. शिवाय लॅटिन, इटालियन किंवा फ्रेंच जाणणाऱ्याला यांतले पुष्कळसे चेहरे ओळखीचे वाटतात.

ज्याला यांपैकी काहीच येत नाही त्याचे काय? त्याला ‘उबे’ आणि ‘इबे’ यांची जोडी कळेल, पण ‘कांदे’ आणि ‘लोरे’ यांचा संबंध कळणार नाही. प्रत्येक शब्द वेगळा घोकावा लागेल. एस्पेरांतोचे चौदा तुकडे मात्र लिस्बनच्या माणसाला आणि ओसाकाच्या माणसाला बरेचसे सारखेच सोपे किंवा सारखेच अवघड. म्हणजे हा वाद नुसता व्याकरणाचा नव्हे. घराची पायरी कोणाच्या पायासाठी ठेंगणी करायची, असा तो प्रश्न आहे. आधीच शिकलेल्यांसाठी, की दारात नव्याने उभ्या असलेल्यांसाठी? भाषा करणाऱ्याने बनविताना डोळ्यांपुढे कोणाला ठेवले होते, हे त्याच्या मोठ्या शब्दांवरून कळत नाही. ‘कुठे’ आणि ‘तिथे’ यांवरून कळते.

एक गोष्ट झामेनहोफ यांनी कानासाठीच केली असावी इतकी ती चांगली आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर नुसते हो किंवा नाही असे असते, त्यासाठी पोलिश भाषेतल्या सवयीप्रमाणे त्यांनी वाक्याच्या आरंभी ‘चू’ हा शब्द ठेवला. ‘चू’ ऐकताच समजते की आता प्रश्न येतो आहे. आपण ‘का’ शेवटी घालतो, “तुम्ही उद्या येणार का?” आणि तो ‘का’ वाऱ्यावर विरला तर प्रश्नाचे विधान होते.

तर कोणाला उद्या नवी भाषा करावीशी वाटली, आणि हौसेने असे करणारे आजही पुष्कळ आहेत, तर त्याने वेळापत्रक जरूर आखावे. पण आखून झाल्यावर ते मिटून ठेवावे आणि दोन माणसांना दोन खोल्यांत बसवून ते शब्द मोठ्याने बोलायला सांगावे. ‘कसे’चे ‘का’ होते का, ‘इथे’चे ‘सगळीकडे’ होते का, ते पाहावे. मग त्या शब्दांना भाषेतल्या इतर नियमांबरोबर एका वाक्यात घालून पाहावे, कारण ‘कीआन’ची चूक तशीच सापडते. आणि जिची भाषा आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे अशा एखाद्या व्यक्तीला विचारावे, “तुमच्या घरी या ठिकाणी किती शब्द लागतात?”

आपल्याला नवी भाषा करायची नसली तरी एक सोपा प्रयोग घरी करता येण्याजोगा आहे. उद्या सकाळी तासभर घरातले बोलणे कान देऊन ऐका आणि त्यातले हा, तो, जो, कोण मोजा. “ते तिथलं ते” म्हटल्यावर नेमकी वस्तू कशी येते, याचे थोडे उत्तर व्याकरणात सापडेल. उरलेले ज्याला आई हाक मारते त्या मुलाजवळ आहे.